काळजी नसावी

माझे सासरे दादाराव तीन वेळा नगराध्यक्ष होते आणि चौथ्या खेपेला एकशे बारा मतांनी पडले. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण ते स्वतः भेटेल त्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. स्किफोल विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्या बाईंनाही त्यांनी ते सांगितलं. बाई नुसत्या हसल्या. ट्रेनमध्ये बसल्यावर मामाजी मला म्हणाले, "बघा जावईबापू, या देशात लोकप्रतिनिधीची कदर आहे."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते आणि माझ्या सासूबाई कांताबाई अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमधल्या आमच्या फ्लॅटवर आले, ते माझ्या बायकोच्या, म्हणजे हर्षाच्या बाळंतपणासाठी. ऑक्टोबरच्या मध्यावर तारीख होती. मामींना आल्या दिवसापासून काम होतं. डिंक, खारीक, अळीव बॅगेतून निघाले, स्वयंपाकघराचा ताबा गेला, आणि आमची मिडवाइफ घरी आली तेव्हा मामींनी तिचीच उलटतपासणी घेतली. मामाजींना मात्र काहीच नव्हतं. सावरखेडला सकाळी साडेसातपासून त्यांच्या ओट्यावर माणसं बसलेली असायची. कुणाला रहिवासी दाखला हवा, कुणाच्या नळाला पाणी नाही. इथे सकाळी साडेसातला फक्त मी असायचो, आणि मला दाखला नको होता.

मी सॉफ्टवेअर तपासतो. दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा, असं मामाजी माझ्या नोकरीचं वर्णन करतात, आणि ते बरोबर आहे. सवय इतकी जडली आहे की हॉटेलात गेलो तरी मी आधी आग लागल्यावर बाहेर पडायचं दार शोधतो. हर्षा याला किरकिर म्हणते.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. सातवा मजला, आणि हर्षाला आठवा महिना लागत होता. मी इमारत सांभाळणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवली. मामाजी वही घेऊन खाली जाऊन उभे राहिले. घानाच्या बायका, कुरासावचे म्हातारे, कुणी सुटलं नाही. दोन दिवसांत एकशे चाळीस सह्या झाल्या. दुभाषा म्हणून त्यांनी आमच्यापासून दोन दारं सोडून राहणाऱ्या रामदीन यांना पकडलं होतं. रामदीन सुरीनामचे, त्यांचे पणजोबा बिहारकडून तिथे उसाच्या मळ्यांवर गेलेले. त्यांची भाषा सरनामी. ती आणि मामाजींची सावरखेडी हिंदी मधे कुठेतरी भेटायची आणि दोघांचं मजेत चालायचं. लिफ्ट पाचव्या दिवशी सुरू झाली. ती माझ्या तक्रारीने झाली असं माझं मत आहे, पण मी ते बोललो नाही. इमारतीतली माणसं मामाजींना 'बुर्गेमेस्टर' म्हणू लागली. म्हणजे महापौर. मामाजींना बढती मिळाली होती.

रामदीन बहात्तर वर्षांचे. तरुणपणी सुरीनामच्या जमीन मोजणी खात्यात होते. त्यांच्या बैठकीच्या खोलीत तिथल्या जंगलाचा एक जुना नकाशा लावलेला होता. त्यात एका मोठ्या नदीला एक उपनदी मिळायची. तिची निळी रेघ थोडं अंतर जाऊन तुटक व्हायची आणि मग संपायची. चौऱ्याहत्तर साली त्यांची तुकडी तिथवर गेली होती. धान्य संपलं, पाऊस आला, साहेबाने परत फिरवलं. पुढच्या वर्षी रामदीन हॉलंडला आले ते कायमचे.

"पुढे काय आहे?" मामाजींनी विचारलं.

"मालूम नहीं."

"पन्नास वर्षांत कुणीच गेलं नाही?"

"गए होंगे. किसी ने लिखा नहीं."

मामाजी घरी आले ते मतमोजणीच्या सकाळचा चेहरा घेऊन. मामी अळीव भिजवत होत्या.

"कांता, मी जरा जाऊन येतो."

"खाली?"

"सुरीनामला."

मी त्यांना एकतीस धोक्यांची यादी करून दिली. नदीतले खडकाळ, खळाळते उतार, ताप, साप, त्यांचं ब्लड प्रेशर, तुटलेली बोट, जवळच्या गावापासूनचं अंतर, परत येताना व्हिसा चालेल का, सगळं. त्यांनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि खाली लिहिलं, 'वाचले. नोंद घेण्यात आली. दा.' मामी म्हणाल्या, "जाऊ द्या लोकेशराव. बाळंतपणात यांचा काय उपयोग? हर्षा झाली तेव्हाही हे मोर्च्यात अटक होऊन बसले होते." हर्षा आधी खूप हसली आणि मग म्हणाली, "बाबा, बाळ यायच्या आत परत या."

"शब्द देतो," मामाजी म्हणाले.

त्या संध्याकाळी गॅलरीत चहा पिताना मी पुन्हा विषय काढला. वाद घालायचाच होता मला. पण ते एकदम साधेपणाने बोलले. "जावईबापू, पडलो त्याला तीन वर्षं झाली. लोक अजून जय भीम घालतात, खुर्ची देतात. पण मागत कुणी काही नाही. 'माजी'कडे काय मागायचं? रामदीनने मागितलं. म्हणाला, दादा, अकेले जाने को डर लगता है, तुम चलोगे?" मला त्यांच्याबद्दल इतकी माया त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि ती वाटली म्हणून रागही आला.

मग मी माझ्या परीने बंदोबस्त केला. उपग्रहावरून निरोप पाठवणारं मुठीत मावेल असं एक यंत्र आणलं. त्यावर छोटे निरोप लिहिता येतात, निरोपासोबत जागा कळते, आणि जिवावर बेतलं तर दाबायला झाकणाखाली एक लाल बटन असतं. ते दाबलं की एका मदत केंद्राला कळतं आणि केंद्र घरच्यांना फोन करतं. नाव नोंदवताना पहिला नंबर मी हर्षाचा टाकला, दुसरा माझा. व्हिसापासून विम्यापर्यंत मामाजींच्या सगळ्या कागदांवर तिचंच नाव पहिलं होतं, हात त्या सवयीने चालला. मामाजींना मी तसं समजावूनही सांगितलं.

"पहिला फोन हिला कशाला? अशा दिवसांत?"

"दाबायची वेळच येणार नाही, मामाजी," मी म्हणालो. एकतीस धोक्यांची यादी करणारा मी.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी दोघं उडाले. सुरीनाममध्ये कोरडे दिवस सुरू झाले होते, पाणी उतरलेलं होतं. नदीकाठच्या शेवटच्या गावात योहान नावाचा बोटवाला त्यांना मिळाला. तिथून वर तिघं आणि एक लांब लाकडी बोट.

मामाजींचा निरोप रोज आमच्या दुपारी बाराला यायचा. तिथे तेव्हा सकाळचे सात वाजलेले असत. रोमन अक्षरांतली मराठी, आणि निव्वळ तक्रारी. 'रामदीन घोरतो. योहान बोलत नाही. डास बैलाएवढे.' दुसऱ्या दिवशी, 'चहा संपला. हे कुणाच्या नियोजनात होते? रामदीनच्या.' मग, 'रात्री झाडावर कोण ओरडते ते कुणी सांगत नाही. माकड म्हणतात. एवढा आवाज माझ्या विरोधकांचाही नव्हता.' इथे राहून आम्हीही संध्याकाळी सहाला जेवायला लागलो आहोत. जेवताना मी तो निरोप मोठ्याने वाचायचो, हर्षा पोट धरून हसायची, मामी "खोटं कशाला, घोरतात हेच," म्हणायच्या. मी लॅपटॉपवरच्या नकाशावर रोजचा ठिपका लावायचो. पहिल्या शनिवारी ठिपका तुटक रेघेच्या पुढे गेला आणि मी टाळी वाजवली. ऑफिसमध्ये होतो, शेजारचा डच सहकारी दचकला.

दुसऱ्या सोमवारी निरोप आला, 'पुढे मोठा उतार. योहान म्हणतो बोट रिकामी करून काठाने ओढू, एक दिवस जाईल. रामदीन म्हणतो पाण्यातूनच चढू. माझे मत रामदीनला. दोन विरुद्ध एक. ठराव मंजूर.' जेवताना यावर सगळ्यात जास्त हशा झाला.

मंगळवारी बाराला हे आलं: 'सर्व व्यवस्थित आहे. काळजी नसावी. हर्षाला जपावे. दादाराव.'

ठिपका उताराच्या खाली होता. सोमवारच्या जागेच्या किंचित मागेच.

काहीतरी बिनसलं आहे हे मला तिथेच कळलं. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण नंतर मी स्वतःलाही वेगळं सांगून पाहिलं. मी लगेच विचारलं, 'सगळं ठीक ना?' तासाभराने उत्तर आलं, 'सर्व व्यवस्थित आहे.' मी पुढे विचारू शकत होतो की कुणाला लागलं आहे का, बोट कुठे आहे. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर आलं असतं तर मला घरी जाऊन हर्षाच्या समोर बसावं लागलं असतं. पस्तीस आठवडे होत आले होते. माझी आई नागपूरहून दर फोनवर एकच सांगायची, पोरीच्या कानावर वाईट काही घालू नको, बाळावर परिणाम होतो. मी अशा गोष्टी मानत नाही. पण त्या दिवशी मला ते मानणं फार सोयीचं गेलं.

म्हणून ही विश्रांती आहे असं मी ठरवून टाकलं. म्हातारी माणसं आहेत, एक दिवस थांबली असतील. जेवताना फोन हातात धरून मी वाचलं, "सगळं मजेत. डास कमी झाले. योहान आज दोन शब्द बोलला." दोन वाक्यं मी पदरची घातली. हर्षा हसली. मामींनी ताटातली भाकरी तशीच ठेवली, पण ते माझ्या लक्षात नंतर आलं.

बुधवारी तीच जागा, तेच शब्द. त्या संध्याकाळी रामदीन यांच्या पत्नी चंद्रावती गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्या पिवळ्या जहाल मिरच्या लावतात, आणि येताजाता आम्हाला पिशवीभर देतात. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं, सगळा भरवसा माझ्यावर. रोज त्या एकच विचारायच्या, "का खबर बा?"

"सब ठीक है, चाची," मी म्हणालो. त्यांनी मला मिरच्या दिल्या.

गुरुवारी पुन्हा तीच जागा. निरोपात फक्त 'काळजी नसावी' एवढंच. मी ऑफिसच्या जिन्यात दहा मिनिटं बसून राहिलो. संध्याकाळपर्यंत थांबू, उद्या पाहू, असं करत घरी आलो, आणि सहा वाजता ताटावर बसून पुन्हा गोष्ट रचली. "योहानच्या हातच्या भाताला मीठ कमी असतं म्हणे. पार वैतागलेत."

हर्षाने चमचा खाली ठेवला. "काय लिहिलंय?"

"मीठ कमी."

"बाबा नऊ वर्षं अळणी खातात. डॉक्टरांनी मीठ बंद केल्यापासून. आईने चुकून चिमूटभर घातलं तरी ताट सरकवतात." तिने हात पुढे केला. "फोन दे."

"हर्षा, तू आधी जेव."

"लोकेश, फोन."

तिने मंगळवारपासूनचे सगळे निरोप वाचले. वाचायला किती वेळ लागणार, चार-पाच ओळी. तिचा चेहरा पाहवत नव्हता. रडेल असं मला वाटलं, पण ती माझ्यावर अशी संतापली की तशी ती आठ वर्षांच्या संसारात संतापली नव्हती. "बाबांना काही त्रास नसला की ते तक्रारी करतात. 'काळजी नसावी' ते फक्त वाईट झालं की लिहितात. लहानपणापासून बघतेय मी. आई, सांग याला."

मामी ताटाकडेच बघत होत्या. "अटकेतून असंच पत्र यायचं," त्या हळू म्हणाल्या. "ते आलं की मी डबा आणि कपड्यांची पिशवी भरायला घ्यायची. परवा लोकेशरावांनी वाचलं ना, तेव्हा त्यांचे डोळे वाचत नव्हते. मला तेव्हाच कळलं. पण तुझ्यापुढे कसं बोलायचं?"

"म्हणजे तुला माहीत होतं, याला माहीत होतं, बाबांना तर माहीत होतंच. आणि माझ्यासाठी तिघंही गप्प!" हर्षा टेबलाला धरून उठली. "मी गरोदर आहे. आजारी नाहीये. कालपर्यंत ऑफिसला सायकलवर जात होते मी. केंद्राचा नंबर कुठाय?"

नंबर मी मागाहून यादीच्या माझ्या प्रतीत तिसाव्या धोक्यासमोर लिहून ठेवला होता. तिने फोन लावला. ती चाळीस माणसांचा विभाग सांभाळते. त्याच आवाजात तिने वय, जागा, किती दिवस हलले नाहीत, किती माणसं, सगळं सांगितलं. केंद्राने सांगितलं, सरळ प्रश्न विचारा, हो किंवा नाही. तिने माझ्या फोनवरून लिहिलं, 'कुणी जखमी आहे का? हो की नाही?'

अकरा मिनिटं आम्ही तिघं त्या फोनकडे बघत उभे होतो. मग आलं, 'हो. रामदीन. पाय.' आणि त्यामागे लगेच, 'हर्षाला सांगू नका.'

हर्षाने ते वाचलं. तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. गाल न पुसता तिने लिहिलं, 'बाबा, मी हर्षाच आहे. लाल बटन दाबा.'

'दाबले,' असं उत्तर आलं.

काय झालं होतं ते पुढे मामाजींकडून कळलं. मंगळवारी पहाटे उजाडताच ते उतार चढायला लागले. अर्ध्यावर बोट आडवी झाली आणि रामदीन यांचा पाय बोट आणि खडक यांच्यात सापडला. नडगीचं हाड बाहेर आलं. बोटीची फळी फुटली. मामाजींनी त्यांना ओढून काठावर आणलं, स्वतःचा सदरा फाडून पाय बांधला, आणि योहान मदत आणायला पायी निघाला. गाव दोन दिवसांवर, म्हणजे जाऊन येऊन चार. योहान येतोच आहे, मग बटन कशाला दाबायचं, असं मामाजींनी ठरवलं. बटन दाबलं असतं तर पहिला फोन हर्षाला गेला असता. दोन दिवस ते रामदीनना पाणी पाजत, माशा वारत, तापात बडबडणाऱ्या माणसाला सावरखेडच्या निवडणुकांच्या गोष्टी सांगत बसले. बुधवारी संध्याकाळी पायाला वास यायला लागला.

गुरुवारी हेलिकॉप्टर निघालं ते ढगांमुळे परत फिरलं. इकडे हर्षा स्वतः उठून चंद्रावतींकडे गेली. अपघात झाला आहे, पायाला लागलं आहे, मदत निघाली आहे, असं तिने सांगितलं. मंगळवारचं ती बोलली नाही. "ते तुझं आहे," मला म्हणाली. "तू सांगायचं." मी सांगेन म्हणालो.

शुक्रवारी दुपारी दोनला फोन आला, दोघांनाही उचललं आहे. संध्याकाळी मिडवाइफने येऊन हर्षाचं ब्लड प्रेशर घेतलं. अगदी चोख निघालं. माझंही बघता का, असं मी विचारलं, तर ते वाढलेलं होतं.

योहान शनिवारी गावकऱ्यांची बोट घेऊन तिथे पोहोचला, तेव्हा काठावर मामाजींचा फाटका सदरा तेवढा होता. पारामारिबोच्या इस्पितळात रामदीन यांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दिवशी आणलं असतं तर बहुतेक वाचवता आला असता.

दोन आठवड्यांनी दोघं परत आले. रामदीन विमानतळावरूनच पुनर्वसन केंद्रात गेले. मामाजी घरी आले. आठ किलो उतरले होते, आणि पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्या माणसाला त्यांनी काहीही सांगितलं नाही. हर्षा दारातच होती. तिचं पोट बघून ते म्हणाले, "शब्द पाळला बघ." तिने त्यांना जवळ घेतलं. मग बाजूला करून म्हणाली, "बाबा, बटन का नाही दाबलं?"

"तू घाबरशील म्हणून."

"खरं सांगा."

ते सोफ्यावर बसले. "मीच घाबरलो होतो, पोरी. योहान त्या पाण्यात जन्माला आला आणि मी तिथे मतदान घेतलं. बटन दाबलं की ते सगळ्यांना कळलं असतं."

तिसऱ्या दिवशी दुपारी ते मला म्हणाले, "चला, चंद्रावतीबाईंकडे जाऊन येऊ." रामदीन यांना अपघाताचं आणि तापातलं काहीच आठवत नव्हतं. बुधवारी कधीतरी पडलो असेन असा त्यांचा समज, आणि तोच चंद्रावतींचा. मी अजून तोंड उघडलं नव्हतं. हर्षाने दोनदा विचारलं, मी दोनदा "आज सांगतो" म्हणालो होतो. गॅलरीतून जाताना मी रोज कुंड्यांच्या वेळा चुकवत होतो.

चंद्रावतींनी आम्हाला बसायला सांगितलं. समोर नकाशा होता. मामाजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. हात जोडून, उभं राहूनच ते आपल्या हिंदीत बोलले. इथे मराठीत लिहितो.

"ताई, अपघात मंगळवारी सकाळी झाला. बुधवारी नाही. मदतीचं बटन माझ्या खिशात होतं. इथली गुरुवारची संध्याकाळ होईपर्यंत मी ते दाबलं नाही. घरी मुलगी गरोदर, तिला धक्का बसेल असं मला वाटलं. रामदीनचा पाय माझ्यामुळे गेला. या मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. मी त्यालाही खोटंच कळवत होतो."

हे त्यांनी अगदी सहज म्हटलं. तीस वर्षं ज्यांनी माणसांना पाठीशी घातलं, ते आता मला घालत होते. आणि खरं सांगायचं तर क्षणभर मला बरं वाटलं. नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढं मला चांगलं जमत होतं.

"नाही, चाची," मी म्हणालो. "मला माहीत होतं. काय झालं ते नाही, पण काहीतरी झालंय हे मंगळवारी दुपारीच कळलं होतं. ठिपका हलत नव्हता. मी घरी खोटं वाचून दाखवत होतो, आणि तुम्हालाही खोटं सांगत होतो."

चंद्रावती मामाजींकडे बघत होत्या, त्या माझ्याकडे वळल्या. आवाज त्यांनी मुळीच चढवला नाही.

"बुधवारी मी तुला विचारलं होतं."

"हो."

"मी मिरच्या दिल्या होत्या."

"हो."

"हर्षा पोटुशी होती म्हणून तुम्ही तिला सांगितलं नाही. ते मला समजतं. आम्हीही नसतं सांगितलं." त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. "पण मी तर पोटुशी नव्हते. मला का नाही सांगितलं?"